विहिणीने चाखलेलं बेट

माझ्या विहिणीला फसवायचं असेल तर आधी तिची जीभ काढून ठेवावी लागेल, आणि ते काम आजवर कुणाला जमलेलं नाही. डोळ्यांवर तिचा विश्वास नाही, कानांवर तर मुळीच नाही; जे काय असेल ते बोटावर घ्यायचं, जिभेला लावायचं आणि मग निकाल द्यायचा. वडखळच्या खाडीकडे तिचं मिठागर आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या वाफ्यांत उभी आहे, आणि पाणी मीठ धरायला आलं की नाही ते करंगळीने ठरवते. तीच सवय मग घरीदारी लागली. माझी लेक बघायला रोह्याला आमच्याकडे आली, तेव्हा पोह्यांच्या बशीकडे ढुंकून न बघता सरळ स्वयंपाकघरात शिरली, मिठाच्या बरणीत बोट घातलं आणि म्हणाली, “पाकिटातलं हाय. पोरगी आमच्याकडं आली की तुम्हाला मीठ विकत घ्यायचं नाय.” पसंती कळवायची ही पद्धत मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात खड्याच्या मिठाचं पोतं माझ्या दारात येतं. तिच्या मुलाने घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्याच्या वाळूची चिमूट तोंडात टाकून थुंकली आणि म्हणाली, “खाडीची हाय ही. भिंती रडतील.” गवंडी हसला. दुसऱ्याच वर्षी भिंतींना पांढरा खार फुटला, तर या बाईने गवंड्याला मुद्दाम जेवायला बोलावून नेमकं त्याच भिंतीला टेकून बसवलं.

तर अशा बाईला तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, विमानात बसवून बेटावर नेलं. जावई सरळ माणूस आहे. रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, आणि आईच्या पायांच्या भेगा त्याला बघवत नाहीत. मिठागर घेऊन तिथे रिसॉर्ट काढू म्हणणारी एक पार्टी त्याला भेटली होती. जमीन विहिणीच्या नावावर, तेव्हा अडलं होतं ते तिच्या सहीपाशी. त्याच्या मनात आलं, रिसॉर्ट म्हणजे काय ते आईला एकदा डोळ्यांनी दाखवावं, की ती आपण होऊन सही करील. मला बरोबर घेतलं ते काही हौस पुरवायला नव्हे. मी तिला पटवायचं होतं. माझ्या लेकीला पेणला फ्लॅट होणार होता, म्हणून मीही आनंदाने पिशवी भरली. खोटं कशाला सांगू.

त्या रिसॉर्टचं एका दिवसाचं भाडं कानावर पडलं आणि पहिल्या दिवशी मला घासच उतरेना. खोलीतून समुद्र दिसतो म्हणाले होते. दिसायचा, पण त्यासाठी बाल्कनीच्या कोपऱ्यात स्टुलावर उभं राहून जनरेटरच्या वरून मान काढावी लागायची. शहाळ्यात कागदी छत्री खोचून आली. विहिणीने ती काढून अंबाड्यात खोचली आणि चारही दिवस मिरवली. मासळी बर्फातली. एक घास खाऊन तिने वाढणाऱ्याला विचारलं, “ह्यो मेला तवा तू शाळंत होतास काय रं?” पाच वाजले की किनाऱ्यावर दोरी बांधून शिट्टी वाजवायचे, समुद्र बंद. “भरतीला पण सुट्टी देता काय?” हे शिट्टीवाल्याला.

तिसऱ्या दिवशी जावयाने आम्हाला पोहायच्या तलावाशी नेलं. पाटी होती, नैसर्गिक समुद्रजल. “आई, पाय बुडव, बरं वाटेल,” तो म्हणाला. तिने पायाआधी बोट बुडवलं. चाखलं. परत चाखलं, आणि मला म्हणाली, “तू पण बघ गो.” मग चहाचे दोन कप मागवून घेतले, एकात तलावाचं आणि दुसऱ्यात समुद्राचं पाणी भरलं आणि मॅनेजरला बोलावलं.

“हे चाख. आता हे चाख. समुद्राचं आधी खारट लागतं, मागनं कडू लागतं. तुझं नुसतंच खारट हाय. बोअरिंगच्या पाण्यात पाकिटं रिकामी केलीस ना बाबा?”

मॅनेजर आपल्याकडचाच, मराठी बोलणारा; बिचारा दोन कप हातात धरून उभा. पोहणारी मंडळी थांबून बघायला लागली. शेवटी तो खाली वाकून हळूच म्हणाला, “आजी, पूर्वी खाडी इथवर यायची. भिंत घातली, खोल्या बांधल्या, मग पाणी यायचं बंद झालं.”

“आनि खाडीवरची मानसं?”

त्याने किनाऱ्याकडे हात केला. तिथे आमच्याच वयाची एक बाई पाहुण्यांच्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसत होती. विहीण जाऊन तिच्याजवळ बसली. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. दोघींनी एकमेकींचे तळहात बघितले, एवढंच.

संध्याकाळी चहाच्या वेळी जावई म्हणाला, “आई, आपल्याकडं याच्यापेक्षा चांगलं करतील.”

“चाखलं मी,” ती म्हणाली. “सही नाय.”

“तुम्ही तरी सांगा हिला,” तो माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं ते तिला पटवायलाच, देवाशपथ. पण बाहेर पडलं ते असं: “मी काय सांगू, जावईबापू? पाणी मीपण चाखलंय.”

लेक पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. दोन म्हाताऱ्यांनी पोरांच्या तोंडचा घास काढला असं गाव म्हणालं. म्हणू देत. फ्लॅट मला नको होता असं नाही, पण पुन्हा विचारलंत तरी मी तेच बोलेन, आणि या वेळी जरा मोठ्याने बोलेन.

आता तिच्या मिठागराच्या दोन्ही अंगांची, शेजाऱ्यांनी विकलेली मिठागरं मुरूम टाकून भरली आहेत. भरतीचं पाणी लांबचा वळसा घेऊन येतं, थकून येतं, निम्मंअर्धं येतं. जावई सुट्टीच्या दिवशी पँट दुमडून चर उपसतो. मायलेक सहीचा विषय काढत नाहीत. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी बांधावर बसून त्याचं काम बघत होतो. मी विचारलं, “विहीणबाई, तुमच्यानंतर काय हो?”

तिने लेकाच्या वाकलेल्या पाठीकडे बोट दाखवलं. “माझ्यामागं त्याला वाटंल ते करू दे गो,” म्हणाली. “त्याचा जलम त्याचा हाय. मी हाय तवर खाडी आत येऊ दे.”

मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून, माझ्या खांद्याला धरून ती पाण्यात उतरली. पूर्वी तिला आधार लागत नसे.