आठ तुकड्यांचा एक्स-रे

गुलाब नरडाण्याला स्टेशन रोडवर कपडे शिवतो. २० जानेवारी १९९४ ला त्याला ताप आला. गावातल्या खाजगी दवाखान्यात डॉक्टरनं कमरेखाली इंजेक्शन दिलं. त्या दिवसापासून उजव्या पायाला मुंग्या. डॉक्टर म्हणाला, वात आहे, चोळा. चार महिने चोळलं. मग जळगावला एक्स-रे काढला, तर आत तुटलेली सुई. सर्जननं ती काढून फेकून दिली. पाऊल मात्र लटकं ते लटकंच राहिलं. मशीन पायानं चालवायची. दिवसाला सहा पँटी शिवणारा गुलाब दोनवर आला.

डॉक्टरला कोर्टात खेचता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पंच्याण्णवच्या नोव्हेंबरमध्ये मी, त्याचा शेजारी, त्याला पेपर वाचून दाखवला. डॉक्टरही ग्राहक कायद्याखाली आले होते. त्यानं मशीन थांबवली आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

आम्ही धुळ्याला रतिलाल वकिलांकडे गेलो.

"दोन वर्षांची मुदत असते," वकील म्हणाले. "एकोणीस जानेवारीच्या आत अर्ज पडला पाहिजे. एक्स-रे कुठाय?"

गुलाब म्हणाला, "कापला, साहेब."

"काय कापला?"

"एक्स-रे. गिर्‍हन पाहासाठी."

दिवाळीतल्या सूर्यग्रहणाला आमच्या बौद्धवाड्यात कुणी दार लावून बसायचं नाही, असं गुलाबनं ठरवलं होतं. सुई निघाली, आता त्या फोटोचं काय काम, असं म्हणत त्यानं खडूनं रेघा मारल्या, कात्रीनं आठ तुकडे केले आणि वाटले. मी शेजारी उभा होतो. मलाही सुचलं नाही.

वकिलांनी चष्मा काढला. "शिंपी ना तुम्ही? मग जोडा आता. सर्जन लिहून देत नाही, म्हणता. त्या फोटोशिवाय तुमच्या हातात काही नाही."

आम्ही घरोघर फिरलो. कुणी पत्र्यात खोचला होता, कुणी पोथीत ठेवला होता. द्रौपदाबाईनं तर दिवा ठेवायच्या खिडकीला काचेसारखा लावला होता. डिसेंबर संपता संपता सात तुकडे जमले. नाव होतं, तारीख होती. सुई नव्हती.

आठवा तुकडा वनाकडे होता. वना त्याच डॉक्टरचा कंपाउंडर.

गुलाबला झोप लागेना. मागितला तर वना डॉक्टरला सांगणार. तो तुकडा जाळला जाणार. न मागावा तर दिवस चाललेले. मी म्हणालो, "काहीतरी थाप मार. पोराच्या शाळेला हवाय म्हण." दहा जानेवारीला तो पाय ओढत वनाच्या घरी गेला. मी मागे.

"वना, तो गिर्‍हनना तुकडा दे. डॉक्टरवर केस करनी शे."

वनाच्या बायकोनं, मंदाबाईनं, पुढं आणलेला पाण्याचा तांब्या तसाच हातात धरला. वना आत गेला. फार वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं, संपलं. आला तेव्हा तुकडा त्याच्या हातात होता. त्यानं तो दाराच्या उजेडात धरला. पांढरी, बारीक रेघ.

"ही सुई मीच उकाळेल व्हती," तो म्हणाला. "जुनी व्हयेल व्हती. मी डॉक्टरले सांगेल बी व्हतं."

त्यानं तुकडा गुलाबच्या हातात दिला आणि दार लावलं.

दुकानात आम्ही आठही तुकडे काचेवर जुळवले. मागून चिकटपट्टी लावली. कडा नीट बसल्या. त्याची कात्री सरळ होती.

मग मी वकिलांनी दिलेला कागद भरायला घेतला. साक्षीदारांच्या यादीत वनाचं नाव लिहायला लागलो. एक्स-रेपेक्षा ते मोलाचं होतं. सुई जुनी आहे हे डॉक्टरला माहीत होतं, हे सांगणारा तो एकटाच.

गुलाबनं माझं मनगट धरलं.

"त्यानी नोकरी जाई. नको लिखू."

"आणि तुझा पाय?"

तो मशीनकडे बघत होता. मी पेन उचलून धरलं होतं. त्यानं हात सोडला नाही.

सतरा तारखेला अर्ज ग्राहक मंचात पडला. साक्षीदारांची जागा कोरी.