नर्मदेत पडलेला बिल्ला

आमच्या वस्तीतल्या काकांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसे. स्टुलावर टेकले की टाच वर-खाली, वर-खाली सुरू. त्या हादऱ्यानं माझ्या दुकानाचं काउंटर थरथरायचं आणि उघडून ठेवलेल्या रेडिओचे स्क्रू गडगडत खाली जायचे. मी ओरडायचो, "काका, पाय!" तो पाय जणू शेजाऱ्याचा आहे अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "आजकल में उघडेल बघ, भिया."

काय उघडेल, हे आमच्या पाटनीपुऱ्यात कोणी विचारत नसे. मिल. दुसरं काय उघडायचं राहिलं होतं?

तुम्ही कापड मिलच्या वस्तीत राहिला असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मिल बंद पडते, पण अंगात मुरलेली कामाची पाळी सुटत नाही. भोंगा थांबला तरी काका पहाटे उठून, दाढी करून, रिकामी पिशवी घेऊन गेटपर्यंत जाऊन येत. कुलूप बघत, वॉचमनला राम राम करत आणि मी शटर उघडेपर्यंत माझ्या दुकानासमोर येरझारा घालत. माझंही काही बरं चाललं नव्हतं. पलासियाला रंगीत टीव्हीची चकाचक शोरूम निघाली होती आणि जुना ट्रान्झिस्टर दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक आटत चाललं होतं. दोन रिकामटेकड्यांची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

आता बिल्ल्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापायी झालं. मिलमध्ये प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला असे. गोल, रुपयाएवढा, वर मिलचं नाव आणि कामगाराचा नंबर. पाळीला जाताना खिडकीत द्यायचा, सुटताना परत घ्यायचा. शेवटच्या दिवशीही सगळ्यांनी नेहमीसारखा परत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप. त्यामुळे वस्तीत घरोघरी बिल्ले राहिले. कुठल्यातरी चहाच्या टपरीवर कोणीतरी बोललं की मिल चालू होईल तेव्हा बिल्ला दाखवेल त्यालाच आत घेतील. कोण बोललं, कशावरून बोललं, कोणाला माहीत नाही. काकांनी ते पक्कं धरलं. बिल्ला सदऱ्याच्या वरच्या खिशात, झोपतानासुद्धा.

एका उन्हाळ्यात काका-काकू लग्नाला खंडव्याला निघाले. बस मोरटक्क्याच्या पुलावर आली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: नर्मदा आली की खिशातलं नाणं काढायचं, कपाळाला लावायचं आणि खिडकीतून मैयाला द्यायचं. सगळ्या बसनं "नर्मदे हर!" केलं. काकांनीही डोळे मिटले, खिशात हात घातला, कपाळाला लावलं आणि टाकलं. सनावदला चहाचे पैसे द्यायला हात घातला तर आठ आण्यांचं नाणं खिशात तसंच, बिल्ला गायब!

काकू सांगायच्या, "मी बोलले, जाऊ द्या, मैयाला दिला समजा. तर हे आहेराची पिशवी माझ्या मांडीवर टाकून उतरले नि उलटे चालायला लागले. लग्नात मी सगळ्यांना काय सांगू? की नवरा नदीत टोकन शोधायला गेलाय?" हे सांगताना त्या हसायच्या. पण एकदा हसता हसता त्या मधेच उठून आत गेल्या.

पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही. काकांनी ते करून पाहिलं होतं. तेव्हा ते माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच पाय न हलवता उभे राहिले. "भिया, जमिनीतलं मेटल ओळखते अशी मशीन असते ना? अपन बनवू."

ती आम्ही बनवली. जुना ट्रान्झिस्टर, बांबूचा दांडा आणि खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार काकांनीच गुंडाळली, आयुष्यभर सूतच गुंडाळलं होतं त्यांनी. जवळ धातू आला की कुई आवाज चढायचा. काकूंच्या हातातल्या लाटण्यावर ती गप्प राहिली आणि तव्यावर किंचाळली, तेव्हा काकांनी मला मिठीच मारली. इतका आनंद मी स्वतःच्या मुंजीत पाहिला नव्हता.

मग उन्हाळ्यात पाणी उतरलं की रविवारी माझ्या स्कूटरवर आम्ही दोघे, मागे दांडा आडवा. बरवाह्याच्या अलीकडे हॉटेलवर थांबून पोहे खायचे, तर काका उभ्यानेच खायचे. पुलाखालच्या वाळूत उतरले की कानाला ट्रान्झिस्टर, डोळे मिटलेले, आणि मी काही बोललो की हात वर: "श्शू! बोलतेय ती."

ती खूप बोलायची. नाणी तर किती! चवल्या, पावल्या, गुळगुळीत झालेले तांब्याचे पैसे, जोडवी, खिळे, एकदा नवसाचा चांदीचा छोटा पाळणा. काका प्रत्येक वस्तू चोळून बघत आणि परत पाण्यात टाकत. "मैयाचं आहे, आपलं नाही." एकदा होळकरांच्या वेळचं नाणं निघालं, तेही फेकलं. माझा जीव हळहळला, खोटं कशाला बोलू? पलीकडून एक नावाडी नेहमी ओरडायचा, "काका, मैया ने दिया के नहीं?" आणि काका तितक्याच जोरात, "सोच रही है!"

एवढं पाणी, एवढी वाळू, दर पावसाळ्यात वाहून नवी येणारी. त्यात एक बिल्ला! मला हे कळत होतं. त्यांनाही कळत असणार. पण शोधायचं थांबवलं की मिल बंद झाली हे मान्य करावं लागलं असतं, आणि तेवढंच त्यांना करायचं नव्हतं.

दरम्यान मिलचं गेट खरंच उघडलं. ट्रक आत गेले आणि कापड विणायचे साचे भरून बाहेर आले, भंगारात विकलेले. सगळी वस्ती रस्त्याच्या कडेला उभी होती. काका प्रत्येक ट्रककडे बघून मान डोलावत होते. "बरोबर आहे. जुनी काढल्याशिवाय नवीन मशिनी बसवणार कुठं?" मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात बिल्ला सापडला. कुई चढली, काकांनी गुडघ्यावर बसून हातानं वाळू उपसली आणि हिरवट पडलेली गोल चकती वर आली. तोच छाप, तीच मिल. त्यांनी थुंकी लावून सदऱ्याला घासला, डोळ्याजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा पडला. नंबर दुसरा होता. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचे डोळे चमकले. "अरे, हा तर आपल्या नंदानगरवाल्याचा! माझ्याच खात्यात होता. लाइनीत माझ्या पुढे उभा राहायचा, नंबर पाठ आहे मला. बिचाऱ्याचा माझ्यासारखाच पडला असेल. चल, चल!"

मला अंघोळसुद्धा करू दिली नाही. ओल्या पँटीनं आम्ही थेट नंदानगर गाठलं.

तो माणूस आता पोहे-जिलेबीचा ठेला लावत होता. आम्ही गेलो तेव्हा घरासमोर ठेला धूत होता. काकांनी बिल्ला त्याच्यासमोर धरला, लहान मुलाच्या हातात खाऊ द्यावा तसा. त्यानं पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"दादा, ये कहाँ से ले आए?"

"मैयानं परत दिला तुझा! पुलावरून चुकून पडला ना?"

"चूक से नहीं, दादा." त्यानं हात फडक्याला पुसले. "मैंने खुद डाला. घाट पे नहा के, हाथ जोड़ के. घर में था तब तक रोज पाली के टेम पे नींद खुल जाती थी, फिर बैठा रहता था. डाल दिया, तब से सोता हूँ." मग अगदी हळू म्हणाला, "इसको अंदर मत लाना. बुरा मत मानना."

त्यानं आग्रहानं जिलेबी दिली, ती काकांनी हातात धरून ठेवली. पाक बोटांवरून ओघळत होता. घरी पोचेपर्यंत ते एवढंच म्हणाले, "खुद डाला बोलतो."

आठवडाभर ते दुकानात आले नाहीत. रविवारी आले ते मशीन न घेता. "चल. त्याचं आहे ते परत करून येऊ."

आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलो. काकांनी बिल्ला कपाळाला लावला आणि हात मागे नेला. हात तिथंच थांबला. पुन्हा कपाळाला लावला, पुन्हा हात मागे. ओठ हलले, पण "नर्मदे हर" बाहेर येईना. पलीकडून नावाडी नेहमीसारखं ओरडला, तेव्हा काकांनी मूठ आणखी घट्ट मिटली. शेवटी बिल्ला माझ्या हातात ठेवला. "तू टाक, भिया. माझ्या हातानं नाही होत."

मी टाकला. जरा लांब गेला आणि बुडाला.

मला वाटलं, सुटले काका. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते मान उंचावून पाणी निरखत होते. मग पुलाकडे बघितलं, मग काठाकडे, बोटानं हवेत रेघ मारली.

"हे बघ, नीट लक्षात ठेव. बरवाह्याकडून तिसरा खांब. आणि इकडे तो वाकडा पिंपळ. दोघांच्या मधे."

"कशाला, काका?"

"कशाला म्हणजे?" ते चिडलेच. "उद्या मिल उघडली तर तो गरीब कुठं शोधत बसेल?"

त्या थंडीत काका गेले. त्यांचा स्वतःचा बिल्ला काही सापडला नाही. मिलच्या जागेवर आता गवत वाढलंय आणि माझ्या दुकानात मी मोबाइलची कव्हरं विकतो. पण खंडव्याच्या बसमध्ये असलो की खिडकीशी बसतो, आणि पूल आला की आधी तिसरा खांब बघतो, मग पिंपळ. जागा अजून नेमकी दाखवू शकेन. कोणी विचारायला आलेलं नाही.