योगिनीचा डी ड्राइव्ह

इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या राम कोळेकरला एका जागी स्वस्थ बसणं जमायचंच नाही. जेवतानासुद्धा त्याचा गुडघा हलत असायचा. आयटीआय त्यानं मध्येच सोडलं, दोन नोकऱ्या सोडल्या आणि शेवटी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागला. तिथं मात्र टिकला. बायको योगिनी सणसरची. लग्नाआधी ती मराठी डीटीपी शिकली होती. अठ्ठ्याण्णव साली दोघांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि भाड्याच्या खोलीत खिडकीखाली मांडला. रामची कामावर पाळी असताना योगिनी त्यावर लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायची. पाळी सुटली की कॉम्प्युटर रामचा.

रामकडे मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता. त्यात बाहेरून नव्या गाड्या, नवे रस्ते घालता येतात, हे त्याला पुण्याच्या भीमा नावाच्या मित्रानं दाखवलं. भीमा आला की कुठून कुठून जमवलेल्या गाड्यांची सीडी घेऊन यायचा. राम एकेक गाडी गेममध्ये बसवायचा. बसली की सुरू करून एखादं वळण घ्यायचा, बंद करायचा आणि लगेच दुसरीच्या मागं लागायचा. एकही शर्यत त्यानं शेवटपर्यंत खेळलेली योगिनीनं पाहिली नव्हती.

"खेळत तर न्हाय तुमी," ती एकदा म्हणाली. "मग येवढ्या गाड्या कशापायी?"

"असू दे की. लागत्यात," राम म्हणाला. कशाला लागतात ते त्यालाही सांगता आलं नसतं. सीडीवर आणखी गाड्या शिल्लक आहेत, एवढ्यानंच त्याला चैन पडत नसे.

होता होता हार्ड डिस्क भरली. जागा नाही म्हणून प्रिंट निघेना, योगिनीचं गिऱ्हाईक दारात खोळंबू लागलं. मग रामनं एक गाडी काढायची, दोन दिवसांनी तीच पुन्हा घालायची, असं सुरू झालं. कामावरही त्याच्या डोक्यात तेच. काय काढावं, काय ठेवावं.

भीमानं त्याला कारण समजावलं. सगळी डिस्क एकाच मोठ्या भागात असेल, तर बारकीशी फाइलसुद्धा ठरलेली मोठी जागा अडवून बसते. मेथीच्या एका जुडीला अख्खं पोतं द्यावं, तसं. आणि त्या गाड्यांच्या फाइली तर हजारोंनी होत्या, सगळ्या बारक्या. "डिस्कचे छोटे भाग पाड. पोती लहान होतील. त्याच डिस्कमध्ये कितीतरी जागा सुटेल," भीमा म्हणाला. "पण आधी सगळं बाहेर काढून ठेव. भाग पाडताना डिस्क कोरी होते."

राम ते ऐकून घरी आला तो उड्या मारतच. योगिनी सणसरला माहेरी गेली होती. ती यायची वाट बघायला हवी होती, पण वाट बघणं त्याच्या स्वभावात कुठलं? गाड्या तर भीमाच्या सीडीवर होत्याच. योगिनीच्या नावाचं फोल्डर त्यानं फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं आणि डिस्कचे भाग पाडणारा एफडिस्क हा प्रोग्रॅम सुरू केला. सगळा डेटा जाईल, पुढं जायचं का, असं प्रोग्रॅमनं इंग्रजीत विचारलं. रामनं होकाराचं वाय दाबलं.

दुपारी डिस्कचे तीन भाग झाले. विंडोज चढलं, गेम चढला, आणि जागा खरंच सुटली. योगिनी आली तेव्हा तो दारातच उभा होता. "बघ, तुला आख्खा डी ड्राइव्ह दिलाय!"

योगिनीनं चप्पल काढून आधी कॉम्प्युटर पाहिला. फोल्डर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"बापूसाहेबांचं पुस्तक कुठंय?"

"तुझं सगळं काढून ठिवलं की."

"ते डीटीपीच्या फोल्डरात हुतं."

ते फोल्डर रामनं उघडूनही पाहिलं नव्हतं. तो तर नुसता प्रोग्रॅम, पुन्हा चढवता येईल, असं त्याला वाटलं होतं.

बापूसाहेब कळंबचेच. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मेंढ्यांच्या आजारांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. हाताने लिहिलेले कागद घरात होते, पण महिनाभर योगिनीच्या शेजारी बसून त्यांनी तोंडी ज्या दुरुस्त्या सांगितल्या, त्या कागदावर नव्हत्या.  योगिनीनं पाठ फिरवून भाजी निवडायला घेतली. रामला तेच सोसवेना. तो खोलीत येरझारा घालू लागला.

"बोल की कायतरी."

"मी काय बोलू? उद्या कळंबला जा आन् त्यांना तुमीच सांगा."

राम गेला. मोटारसायकल त्यानं वाटेत उगाच दोनदा थांबवली. बापूसाहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला. "गेलं म्हंजी परत न्हाय का येत?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, बापूसाहेब."

"चांगलं काम झालंतं रं," ते म्हणाले. मग उठून घरात कपडे करायला गेले. "चल. पुन्यांदा सांगतो. पर आता तू बस वाचायला. तिला एकटीला तरास न्हाय द्यायचा."

पुढचे कित्येक दिवस पाळी सुटली की राम कागद वाचायचा, बापूसाहेब मध्येच थांबवून दुरुस्ती सांगायचे आणि योगिनी टाइप करायची. रामची पहिल्यांदा फार तगमग व्हायची. ओळी गाळून पुढं पळायचा, मग दोघंही त्याला मागं आणायची. पण पुस्तकात मेंढ्यांच्या चालीचं एक प्रकरण होतं, ते मात्र तो सावकाश वाचू लागला. कळप रस्ता कसा ओलांडतो, पुढची का थांबते, लंगडी ओळखायची कशी. रामचे वडील कुंडलिक यांनी निम्मं आयुष्य कळपामागं काढलं होतं. राम लहान असतानाच मेंढरं विकली गेली. हे सगळं आपण घरी कधी विचारलंच नाही, हे वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं.

पुस्तक छापून झालं. त्यानंतर योगिनीनं डिस्कचा कारभार स्वतःकडे घेतला. भीमाकडून भाग पाडणं शिकली, कामाच्या फाइली दोन दोन ठिकाणी ठेवू लागली. रामला तिनं शेवटचा, सगळ्यांत लहान भाग दिला. "त्यात काय बसवायचं ते बसवा. भायेर पाय न्हाय टाकायचा."

रामनं सगळ्या गाड्या बसवून पाहिल्या. बसल्या नाहीत. चार दिवस चिडचिड केली. मग निम्म्या काढल्या, आणखी काढल्या, आणि सीडीवर पडून असलेला रस्ता बनवायचा प्रोग्रॅम उघडला. बारामतीहून सणसरवरून इंदापूरला जाणारा रस्ता तो त्यात आखू लागला. सणसरच्या अलीकडं त्यानं रस्त्यात मेंढ्यांचा कळप सोडला. गाडी आली की कळप आडवा यायचा आणि गाडीला थांबावंच लागायचं. तसं करून घ्यायला त्याचा अख्खा हिवाळा गेला.

कुंडलिक बारामतीला आले तेव्हा त्यानं त्यांना ते दाखवलं. ते पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"ह्यो सणसरचा पूल व्हय?"

"व्हय, आबा."

"मेंढरं ग्वाड हायती. पर यवढी तुरुतुरु पळत न्हाईत. हळू कर. आन् म्होरं कुठं जातोय ह्यो रस्ता?"

"सणसरातच संपतो. म्होरं जागा न्हाय."

"आन् कळंब?"

रामनं योगिनीकडं पाहिलं. ती पत्रिकेचं प्रूफ वाचत होती. वर न बघताच म्हणाली, "डी मधलं मिळायचं न्हाय."

त्या आठवड्यात रामनं उरलेल्या गाड्यांतल्या एक सोडून सगळ्या काढल्या.  रस्ता सणसरच्या पुढं लासुर्ण्यापर्यंत गेला. तिथून कळंबचा फाटा अजून लांब होता. राम खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला, परत आला आणि जागेसाठी रस्त्याकडेची बाभळीची झाडं एकेक करून पुसू लागला.