हेरॉनच्या पुलावर गार्थचा फोटो

व्हिएनो राउतिओने अठ्ठावीस वर्षं आमच्या रेल्वेच्या विश्रांतिगृहात स्वयंपाक केला. विभागातल्या कुठल्या ड्रायव्हरला अंडं किती शिजलेलं लागतं हे तिला अजून पाठ आहे. माणसाचं नाव ती विसरेल, त्याचं अंडं विसरणार नाही. निवृत्त झाल्यावर तिच्या वयाच्या बायका विणकामाच्या वर्गाला जाऊ लागल्या. हिने एक जुना ट्रक आणि त्याहून जुना, रीळ घालायचा कॅमेरा घेतला आणि जंगलात जाऊन मालगाड्यांचे फोटो काढायला सुरुवात केली.

टॅमरॅक हे आमचं गाव ओंटारियोच्या उत्तरेला आहे. तिथून ऑटरपर्यंत एकशे चाळीस मैल नुसतं स्प्रूसचं रान, तळी आणि दलदल. त्यातून रूळ जातो आणि लाकूडतोड्यांचा एक कच्चा रस्ता जातो. या रस्त्यावर व्हिएनो कुठेही भेटू शकते. इंजिनातून आधी तिचा पांढरा ट्रक दिसतो, मग लाल टोपी. थर्मासमध्ये कॉफी, डब्यात वेलची घातलेला पुल्ला पाव, आणि एका गाडीसाठी पाच-पाच तास थांबायची तयारी. फोटो मात्र एका गाडीचा एकच. दुसरा काढत नाही.

"गाडी एकदाच जाते," ती म्हणते. "मग मी दोनदा का बघू?"

मी या गाड्यांवर कंडक्टर आहे. म्हणजे तिकिटं फाडत नाही. ड्रायव्हरशेजारी बसते, सिग्नल बघते आणि काही बिघडलं की खाली उतरून चालते. पहिल्याच फेरीत त्या निर्मनुष्य रानात कॅमेरा घेतलेली म्हातारी बघून मी दचकले होते.

"गार्थ, ती बाई वाट चुकलीय का?"

"पोरी, या रानात वाट न चुकलेलं माणूस एकच आहे," गार्थ पेल्की म्हणाला आणि त्याने हॉर्न वाजवला.

व्हिएनोने एक रीत पाडली होती. ड्रायव्हर निवृत्त होताना ती त्याला हेरॉन नदीच्या पुलावरचा त्याचा फोटो द्यायची. पूल उंच आहे, लोखंडी आहे, आणि बाजूच्या खडकावरून बघितलं तर खिडकीतला ड्रायव्हर आणि मागे वळणावरची अख्खी गाडी एकाच चौकटीत बसते. सतरा ड्रायव्हर तिने असे टिपले होते. फक्त गार्थ राहिला होता. कधी तो रात्री पुलावरून जायचा, कधी धुकं असायचं. एकदा सगळं जुळून आलं, तर नेमकी शेजारच्या रुळावर दुसरी गाडी आडवी आली. हिवाळ्यात त्याची बदली दुसऱ्या पाळीला झाली. बघता बघता जून उजाडला आणि गार्थची शेवटची फेरी आली.

ती फेरी त्याच्याबरोबर माझी होती. एकशे बारा डबे गहू, ऑटरहून टॅमरॅकला. आम्ही पाचच्या सुमारास पुलावर पोचणार होतो. सात वाजता डोंगराची सावली पुलावर उतरते. त्याआधी लख्ख ऊन असतं.

"आज तरी दाढी करून यायचंस," मी म्हटलं.

"केलीय सकाळी. ही दुपारनंतर उगवलेली आहे." गार्थ खिडकीच्या काचेत स्वतःला बघत होता. त्याच्या चौतीस वर्षांच्या नोकरीबद्दल मी ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीत हा माणूस आरशात बघत नव्हता. "टोपी घालू की नको?"

"टक्कल चमकेल."

"मग घालतो."

तळ्याला वळसा घालून आम्ही पुलासमोरच्या सरळ रुळावर आलो आणि दोघांनाही एकदम दिसलं: व्हिएनो खडकावर नव्हती. रुळाच्या कडेला उभी होती, आणि लाल टोपी दोन्ही हातांनी डोक्यावरून गरागरा फिरवत होती.

आता आमचा नियम असा, की रुळाजवळ कोणीही काहीही जोरजोरात हलवलं, तर गाडी थांबवायची. विचार करायचा नाही. पूल कोसळला असेल, रूळ तुटला असेल, काहीही असेल. हा नियम नवीन पोरांना व्हिएनोनेच जेवणाच्या टेबलावर पाठ करून घेतलेला. गार्थचा हात विचाराआधी ब्रेकवर गेला.

किंचाळत, धक्के खात, दोन किलोमीटर लांबीची गाडी पुलाच्या अलीकडे तीनशे पावलांवर थांबली. गार्थने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"व्हिएनो! काय झालं? पूल गेला का?"

व्हिएनो टोपी हातात धरून उभी होती. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग टोपीच्या रंगाचा.

"माश्या," ती म्हणाली.

"काय?"

"काळ्या माश्या रे! खडकावरून बर्चची एक फांदी मध्ये येत होती, ती तोडायला खाली आले. कानात शिरल्या, नाकात शिरल्या... मी त्या हाकलत होते." मग ती मटकन ट्रकच्या पायरीवर बसली. "मी! मीच! माझ्याच हातून!"

जूनमधल्या आमच्या काळ्या माश्या तिळाएवढ्या असतात आणि रक्त काढतात. त्यांच्यापुढे मूससारखा आडदांड प्राणीसुद्धा तळ्यात उडी घेतो. तेव्हा राग कुणाला येणार? पण असा ब्रेक लावला की कंडक्टरने शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाऊन प्रत्येक डबा तपासायचा असतो. कंट्रोलचा आवाज रेडिओवर आलाच.

"का थांबलात?"

गार्थने व्हिएनोकडे बघितलं. "वन्यप्राणी."

"मूस?"

"त्याहून लहान."

"किती आहेत?"

"मोजता येत नाहीयेत."

"गार्थ, तुझा शेवटचा दिवस आहे म्हणून ऐकून घेतोय."

"लेखी अहवालात सगळं खरं लिहितो. आत्ता तोंडाने सांगायची हिंमत नाही."

मी जाळी तोंडावर ओढली आणि चालायला लागले. खडीवरून दोन किलोमीटर, प्रत्येक डब्याखाली वाकून चाकं बघायची, ब्रेकच्या नळ्या बघायच्या. माश्या जाळीच्या आत आल्या आणि मग त्यांना बाहेर जायची वाट सापडेना. मी व्हिएनोला डबा क्रमांक चाळीसपर्यंत शिव्या दिल्या, साठनंतर नुसतं कण्हत होते. शेवटच्या डब्याला हात लावला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळं ठीक होतं. आता तेवढंच परत चालायचं म्हणजे पाऊण तास. मग ब्रेकची हवा तपासायची, मग निघायचं. सात वाजून जाणार. गार्थ पुलावरून जाणार तो सावलीतून.

तेवढ्यात मागच्या फाटकावर हॉर्न वाजला. पांढरा ट्रक.

"बस लवकर," व्हिएनो म्हणाली.

"तू इथे काय करतेयस? तू खडकावर पाहिजेस! चढायलाच पंचवीस मिनिटं लागतात तुला!"

"मला सगळं माहितीये. बस म्हणते ना!"

"मला सोडून तू वर पोचशील का?"

"तुला सोडलं नाही तर पोचून तरी काय बघू? काळोखी?" तिने ट्रक असा पळवला की माझं डोकं दोनदा छताला लागलं. "तो पुल्ला घे. आणि चेहरा पूस, रक्त येतंय. बाई गं, सॉरी हं. एकोणसाठ वर्षं माश्या हाकलतेय मी, कधी एक सायकलसुद्धा थांबली नाही."

पाव तोंडात कोंबून मी विचारलं, "एवढं काय आहे गार्थच्या फोटोत? इतर सतरा आहेत की."

तिने एक मोठा खड्डा चुकवला. "माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी त्याने माझी करपलेली अंडी खाल्ली," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांनी ताटं परत पाठवली. मी चूल सोडून घरी निघाले होते."

सहा पंचवीसला तिने मला इंजिनाशी उतरवलं आणि कॅमेरा गळ्यात टाकून खडकाच्या पायवाटेला लागली. पळत नव्हती, सदुसष्टाव्या वर्षी जितकं पळाल्यासारखं चालता येतं, तितकं चालत होती.

हवा तपासून झाली. सहा चाळीस. निघायला काहीच हरकत नव्हती. गार्थ जागचा हलेना.

"निघताय ना?" कंट्रोल.

"निघतोय."

खडकाच्या निम्म्यावर एक लाल ठिपका दिसत होता. गार्थने चष्मा पुसला. मग माझा चष्मा मागून घेतला आणि तोही पुसला. उकडत होतं म्हणून, की खडक नीट दिसावा म्हणून, त्याने खिडकी सताड उघडी टाकली होती, आणि रानातल्या तमाम माश्या त्या खिडकीतून आत येत होत्या.

"गार्थ, नक्की कशासाठी थांबलात?"

"ड्रायव्हरचं समाधान व्हायचंय," गार्थ म्हणाला. तसा नियमच आहे. ड्रायव्हरचं समाधान झाल्याशिवाय गाडी हलत नाही. चौतीस वर्षांत त्याने तो पहिल्यांदा वापरला.

सहा बावन्नला ठिपका माथ्यावर पोचला. गार्थचं समाधान झालं. डबे एकेक करून ताणले गेले, खडखडाट मागे मागे गेला, आणि आम्ही माणसाच्या चालीने पुलावर आलो. ऊन तिरपं, पिवळं, थेट त्याच्या खिडकीत. मी पायाशी वाकून बसले, म्हणजे चौकटीत माझं डोकं नको. वरून त्याचा आवाज आला.

"बघतेय का ती?"

"मला काय दिसतंय इथून? तुझे बूट दिसताहेत!"

पुढच्या सगळ्या वाटेवर तो एकच प्रश्न विचारत राहिला: काढला असेल का? टॅमरॅकला केक होता, बायको होती, दोन्ही मुली आल्या होत्या. तो हात मिळवत होता आणि लक्ष सगळं रस्त्याकडे.

रीळ धुऊन यायला अकरा दिवस लागले. फोटो घेऊन व्हिएनो स्वतः त्याच्या घरी गेली, आणि मलाही बोलावलं. पूल होता, नदी होती, वळणावर एकशे बारा डबे होते, उन्हाने पेटलेले. आणि खिडकीत गार्थ. माश्यांनी त्याचा डावा डोळा सुजून पूर्ण मिटला होता, वरचा ओठ बटाट्याएवढा झाला होता, आणि तो तोंडभर हसत होता.

"हा मी आहे?" गार्थ म्हणाला. "चौतीस वर्षं गाड्या चालवून हे? दुसरा नाही का काढलास?"

"नाही."

"अगं, निदान डोळा तरी नीट करून आण कुठून तरी!"

"रेल्वेने जसा पाठवला तसा टिपला," व्हिएनो म्हणाली. "तक्रार असेल तर कंट्रोलला कळव."

त्याच्या बायकोने फोटो हातातून काढून घेतला, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "लग्नातल्यापेक्षा बरा आलाय." मग ती हातोडी शोधायला आत गेली.