ऑफिसला जाते, आई

दारात कुणी आलं की ती आधी एक बोट वर करायची. दुसऱ्या हाताने हेडफोनचा माइक झाकायची आणि नुसते ओठ हलवून म्हणायची, "एक मिनिट हं." ते मिनिट किती लांबेल हे तिलाही माहीत नसायचं. दूधवाला, गॅसवाला, भिशीच्या बायका, सगळ्यांना ते बोट पाठ झालं होतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. दिवसभर घरात दिसते, म्हणून ती कामावर आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

ती आमच्या शेजारची सून. टाळेबंदीत नवऱ्याबरोबर पुण्याहून परभणीला आली. पुढे त्याचं ऑफिस सुरू झालं आणि तो परत गेला. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, आणि हिचं काम घरून चालत होतं. तेव्हा ही इथंच राहील असं ठरलं. कुणी ठरवलं, हे मी तिला एकदा विचारलं.

"ठरलं काकू," एवढंच म्हणाली.

काम म्हणजे विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. माणसं चिडलेली, कधी रडणारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे मला ऐकू यायचं. "मी आपला त्रास समजू शकते, सर." अगदी मऊ, पुस्तकी मराठी. फोन संपला की तोच आवाज एकदम आमच्याकडचा व्हायचा. "आई, कुकर बंद करा हो, मघापासून शिट्ट्या द्यायलाय."

पुण्यात असताना हे काम तिला आवडायचं. फोनवर कुणी फार बोलून गेलं की शेजारची मैत्रीण खुर्ची सरकवून यायची. दोघी चहाला उठायच्या आणि त्या माणसाची नक्कल करून हसायच्या. "इथं कोणाला सांगू काकू? फोन ठेवला की समोर भिंत. मग भाजी निवडायला घेते. ते बोललेलं तसंच डोक्यात बसून राहतं."

सासूबाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. फक्त काम म्हणजे घराबाहेर पडणं, असा त्यांचा समज. पोस्टातल्या नवऱ्याचा डबा त्यांनी जन्मभर भरला होता. सून घरातल्या खुर्चीत बसून बोलते, याला काय म्हणावं ते त्यांना कळत नव्हतं. मला म्हणायच्या, "दिवसभर बोलायलीय जगासंगं. माझ्यासंगं बोलायला फुरसत न्हाई तिला."

एकदा कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना शिकवण्याच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, लॅपटॉपवरच. ती जागा तिला मनापासून हवी होती. नवा कुडता घालून, खोलीचं दार लोटून बसली. नेमकी त्याच वेळी सासूबाईंची पाथरीची बहीण पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन आली. "दार लावून काय करायलीस ग पोरी?" म्हणत मावशी आत शिरली आणि ही साहेबांना उत्तर देत असतानाच हिच्या तोंडात पेढा कोंबला. वर पडद्यात वाकून म्हणाली, "तुमीबी या बरं का दर्शनाला."

हे सांगताना ती हसली, मीही पोट धरून हसले. मग माझं हसणं थांबलं, कारण ती रडत होती. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. पेढ्यामुळे नाही. "तुम्ही घरून काम करता ना, म्हणाले. हितं म्हणतात घरीच तर असती, तिथंबी तेच. मंग मी कामावर असते तरी कुठं काकू?"

मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. पुढची खोली रिकामीच पडून होती. त्याच संध्याकाळी मी ती तिला देऊ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केस नीट विंचरून, खांद्याला पर्स लावून ती अंगणात उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ऑफिसला जाते, आई!" मग त्यांच्या फाटकातून बाहेर पडून माझ्या फाटकातून आत आली. सगळी गल्ली हसली. ती रोज तशीच निघत राहिली. काही दिवसांनी सासूबाई गुडघ्यांवर हात टेकत दारापर्यंत आल्या आणि तिच्या हातात डबा ठेवला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुपारी तो डबा उघडून ती बराच वेळ नुसती बघत बसली.

"काम तेच हाय काकू," ती म्हणाली. "तीच माणसं, तेच चिडणं. पण निघून आल्यावानी वाटतं. आन् संध्याकाळी घरी जाता येतं."

तो हिवाळा बरा गेला. थकायची, पण चहाच्या वेळी माझ्यासमोर गिऱ्हाइकांच्या नकला करायला लागली होती. मग कंपनीनं सगळ्यांना परत आपापल्या शहरातल्या ऑफिसात बोलावलं. सासूबाईंच्या सोबतीला मावशी येऊन राहिली आणि ही पुण्याला गेली. आता सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "सून नोकरीला हाय पुण्याला. लय जबाबदारीचं काम हाय." काम तेच आहे, पण हे मी त्यांना बोलून दाखवत नाही.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी तिचा फोन आला. घरी निघाली होती, बसमध्ये होती.

"कसं आहे ऑफिस?"

"चकचकीत हाय. पण माझ्या टीममधलं एकबी माणूस तिथं न्हाई. कोणी नागपूरला, कोणी इंदूरला. अर्धा जीव जाण्यायेण्यात जातो, आन् तिथं पोचून परत पडद्यावरच बोलायचं. आज शेवटच्या स्टॉपपर्यंत बसायला जागा मिळालीय. काकू, तुमी बोला. काहीबी बोला. मला आज कुणाला उत्तर द्यायचं न्हाई."

मी बोलत राहिले. लिंबाला फुलोरा आलाय. नळाला पाणी परवा येणार म्हणतात. मावशी आणि सासूबाई रोज भांडतात आणि रोज एका ताटात जेवतात. पलीकडून "हं, हं" येत होतं, ते हळूहळू विरळ झालं. मग नुसता बसचा घरघराट, हॉर्न आणि जवळून येणारा तिचा संथ श्वास. झोपली होती.

मी थांबले तर तिला जाग येईल असं वाटलं. म्हणून मग सुचेल ते सांगत राहिले, पलीकडे कंडक्टर "चला, उतरा" म्हणून ओरडेपर्यंत.