ओव्हरसियरची काठी
गटारावर टाकलेल्या चुन्याचा वास आला की प्लेगच्या आदल्या उन्हाळ्यातले म्युनिसिपालिटीचे ते ओव्हरसियर मला आठवतात. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतले गटार तुंबले होते आणि पिण्याची विहीर तिथून जेमतेम सहा हात. पाणी पिणारी माणसे त्रेचाळीस, त्यांतली सात हगवणीने अंथरुणात. माझ्या चौथ्या अर्जावर हे गृहस्थ आले, नाकाला अत्तराचा रुमाल लावून त्यांनी काठी गटारात बुडवली आणि वहीत लिहिले, 'गटार कोरडे.' मी म्हटले, "रावसाहेब, काठीला वीतभर चिखल आहे." त्यांनी ती चक्क विहिरीच्या कठड्यावर पुसली. "आता कुठे आहे?" शेजारच्या काकूंची धाकटी त्या सातांत होती. काकूंनी विहिरीचे पाणी तांब्यात भरून पुढे केले. "कोरडं आहे ना? मग घ्या की दोन घोट, उन्हातून आलात." "तहान नाही, बाई," म्हणत स्वारी घाम पुसत निघून गेली. काकू राख आणि नारळाची शेंडी घेऊन कठडा घासत बसल्या. मुलगी वाचली, ती काकूंनी महिनाभर पाणी उकळून पाजले म्हणून. त्या वहीत मात्र आमचे गटार अजून कोरडेच असेल.