माफी

कान्हा कोळ्याचं घर खाडीच्या दक्षिण तीरावर, संस्थानच्या हद्दीत. उत्तरेचा तीर इंग्रजांचा. जाळं टाकताना ही हद्द कुणाला दिसत नसे. मासळी उतरवताना मात्र संस्थानची परवानगी लागे. कान्हाची बहीण चंद्राबाई उत्तरेकडे दिलेली. तिचा नवरा भिकू सारा भरणारा, नारळाच्या वाडीचा मालक. म्हणून १९३७ साली नव्या कायद्यानं निवडणूक झाली तेव्हा त्याला मत होतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला कान्हा बहिणीकडे जेवायला गेला. भिकूनं सगळ्यांदेखत त्याला डिवचलं.

"मुंबईत आमचं सरकार बसलं. तुमी आपले मुजरे घाला."

"आमाला का न्हाय मत, दाजी?"

"आमचा मुलूख नि संस्थानं मिळून संघराज्य व्हायचंय, ते होऊ दे, मग बघू. त्यातबी संस्थानचा माणूस राजाच धाडणार. तुला कोण इचारतो?"

पंगत हसली. कान्हा भरल्या पानावरून उठला. चंद्राबाई हाका मारत किनाऱ्यापर्यंत आली, पण त्यानं होडी लोटली ती मागं न बघता.

ते हसणं त्याच्या डोक्यात भिनलं. गावी येऊन त्यानं देवळापुढं विषय काढला: आपल्या मुलखातही लोकांनी निवडलेली सभा हवी, राजाकडं मागू या. म्हातारे खाली बघत राहिले. त्याचा होडीतला भागीदार शिवदास म्हणाला, "तुझी खाज आमच्या अंगावर कशाला?"

बोलणं कचेरीत पोचलं. संस्थानच्या महालकऱ्यानं त्याला उन्हात उभं केलं.

"माफी माग. नाहीतर तुझी मासळी या बंदरात उतरायची नाही."

"मागणं मागितलं, चोरी न्हाय केली."

बंदी आली. शिवदासनं भागी मोडली. वाडीतल्या बाया कान्हाच्या बायकोशेजारी, जनीशेजारी, मासे सुकवायला बसेनात. जनीचा संताप महालकऱ्यावर नव्हता, नवऱ्यावर होता.

"पल्याडचे हसले म्हणून तुमी माझी चूल इझवलीत."

"मी काय एकट्यासाठी मागितलं?"

"मग ज्यांच्यासाठी मागितलंत त्यांच्या दारात जाऊन बसा. बघा कोण पेज वाढतंय."

कान्हा मासळी उत्तर तीरावर विकू लागला. तिथल्या कोळ्यांना हा उपरा नको होता. एका सकाळी त्याचं जाळं कापलेलं सापडलं. भिकूनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढं मुंबईहून एक पुढारी सभेला आले. कान्हानं उभं राहून विचारलं, "नवं सरकार आमच्यासाठी काय करणार?"

"तुमचं संस्थान आमच्या अखत्यारीत येत नाही," पुढारी म्हणाले आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

"खाली बस," भिकू खेकसला.

"पल्याडबी खाली बस, अल्याडबी खाली बस!" कान्हा ओरडला. लोकांनी त्याला धरून मांडवाबाहेर काढलं.

तो घरी परतला तर धक्क्यावर शिवदास हसून सामोरा आला. बंदी उठली होती. जनीनं कचेरीत जाऊन नवऱ्याच्या वतीनं माफी मागितली होती.

"माझ्या तोंडची माफी मागायला तुला कुणी सांगितलं?" कान्हा दारातच गरजला.

जनी चुलीपुढून हललीही नाही. "राजानं तुमाला इचारलं न्हाय म्हणून एवढा राग. आन मला तुमी कवा इचारलंत?"

त्यानं उरलेलं जाळं खांद्यावर टाकलं आणि होडी धक्क्यावरच सोडून निघाला. तिनं अडवलं नाही.

मग तो चंद्राबाईच्या पडवीत राहिला, दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला. जमीन नाही, अक्षर येत नाही, म्हणून तिथंही मत मिळायचं नव्हतं. जनीनं होडी शिवदासला वाट्यानं दिली आणि स्वतः मासळी विकून घर चालवलं. दोघांमध्ये निरोपसुद्धा जात नव्हते.

१९३९ साली लढाई पेटली आणि संघराज्याचं घोडं तिथंच अडलं. भिकूनं बाजारातून ही बातमी आणली. कान्हा जाळं विणत होता. "कुणाला पायजे होतं?" एवढंच तो म्हणाला.

पुढं भाच्याच्या लग्नाला जनी आली. वाढायला उभी राहिली. कान्हाच्या पानापुढं आल्यावर तिनं इतरांना वाढलं तेवढंच त्यालाही वाढलं आणि पुढं गेली. तो मान खाली घालून जेवला.